ट्रंकेतली लग्नाची कॅसेट

आज बोलायचं आहे ते आपल्या घरातल्या एका काळ्या डब्याबद्दल. ट्रंकेच्या तळाशी, शालूच्या घडीखाली, नाहीतर माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे तो पडलेला असतो. आकार जाडसर पुस्तकाएवढा, अंगाला दोन चक्रं, आणि वर चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत "चि. सौ. कां." आणि तारीख. साधारण १९८५ ते २००५ या वीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यापैकी अनेकींकडे ही व्हिडिओ कॅसेट आहे. काहींकडे तिच्याऐवजी सीडी आहे. बहुतेकींनी ती गेल्या पंधरा वर्षांत पाहिलेली नाही, कारण ती लावायचं यंत्रच घरात उरलेलं नाही. टाकवत नाही आणि बघताही येत नाही, अशी ही वस्तू. ती आली कुठून, तिच्यात काय आहे आणि ती हातची जायच्या आत काय करायचं, हे आज सांगते.

चालतं चित्र फितीवर साठवणारं पहिलं यशस्वी यंत्र अमेरिकेत अँपेक्स नावाच्या कंपनीने १९५६ साली दाखवलं. ते कपाटाएवढं होतं, किंमत पन्नास हजार डॉलर, आणि फीत दोन इंच रुंद. टीव्हीच्या कंपन्यांनाच ते परवडायचं. घरात ठेवता येईल असं यंत्र चांगलं चालायला आणखी वीस वर्षं गेली. जपानच्या सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स आणलं, आणि पुढच्याच वर्षी जपानच्याच जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस आणलं. दोघांत बरीच वर्षं चुरस चालली. सोनीचं चित्र थोडं बरं होतं असं म्हणतात, पण तिच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन. अख्खा सिनेमा एका कॅसेटवर बसला की लोक कुठे जाणार, ते तुम्हीच सांगा. आपल्या ट्रंकेतली कॅसेट बहुधा या व्हीएचएस जातीचीच आहे.

तिच्या पोटात अर्धा इंच रुंद आणि तीन तासांची कॅसेट असेल तर सुमारे अडीचशे मीटर लांब अशी प्लास्टिकची फीत असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साईडची बारीक पूड डिंकासारख्या पदार्थाने बसवलेली असते. लोहाचा ऑक्साईड म्हणजे आपल्या भाषेत गंजाचाच भाऊबंद. यंत्रातलं गोल फिरणारं हेड त्या पुडीच्या कणांना चुंबकाने एका विशिष्ट पद्धतीने मांडतं, आणि पुन्हा लावल्यावर त्याच मांडणीचं चित्र होतं. म्हणजे वरमाला घालतानाचा आपला चेहरा त्या तांबूस पुडीत लिहिलेला आहे. पूड सुटली की चेहरा गेला.

आता आपल्याकडे या. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण खेड्यात टीव्ही यायला फार वेळ लागला. मोठा बदल झाला तो १९८२ साली. त्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि देशात रंगीत टीव्ही सुरू झाला. आपल्या एसटीच्या निमआराम गाडीला एशियाड म्हणायचे, तेही याच खेळांवरून. रंगीत टीव्हीच्या पाठोपाठ व्हिडिओ आला. आधी आखाती देशांत कामाला गेलेल्या माणसांच्या सामानातून, मग शहरातल्या दुकानांतून. विकत घेणं कुणाला परवडत होतं? तालुक्याच्या गावी तो भाड्याने मिळायचा. गणपतीत, जत्रेत, नाहीतर कुणाच्या घरी बारसं असलं की वर्गणी काढून टीव्ही, व्हिडिओ आणि तीन-चार सिनेमांच्या कॅसेटी एका रात्रीसाठी आणायच्या. पटांगणात टेबल, टेबलावर टीव्ही. पुढे पोरं, मधे पुरुष, आणि सगळ्यात मागे भाकरी-भांडी उरकून आलेल्या बाया. अर्धा सिनेमा होऊन गेल्यावर आलेल्या बाईला गोष्ट सांगायची जबाबदारी शेजारणीची. पहाटेपर्यंत चालायचं, आणि सकाळी सगळ्या तशाच शेतावर. त्या यंत्रांपैकी पुष्कळ नुसती दाखवणारी होती, त्यांना व्हीसीपी म्हणायचे. टिपणाऱ्या यंत्राला व्हीसीआर. हा फरक पुढे कामाचा आहे, तो लक्षात ठेवा.

याच सुमाराला लग्नात व्हिडिओ शूटिंग आलं. आधी शहरात, मग तालुक्याला, मग वाडीवस्तीवर. खांद्यावर ठेवायचा मोठा कॅमेरा, त्याच्या मागे वायर सांभाळणारा मुलगा, आणि हातात डोळे दिपवणारा हॅलोजन धरलेला दुसरा मुलगा. वीज नसली तर जनरेटर. त्या उजेडात नवरीचे डोळे मिटायचे, म्हणून अनेक कॅसेटींत नवरी रडतेय की उजेडाने त्रासलीय ते कळत नाही. हळद, सीमांतपूजन, रुखवत, मंगलाष्टका, कन्यादान, पंगती, आहेर, वरात असं सगळं ओळीने. आहेराचा भाग सगळ्यात लांब, कारण कुणी काय दिलं याची ती नोंदवहीच होती. कॅमेरावाल्याला बजावून ठेवलेलं असायचं की अमक्या पाहुण्यांना सोडू नकोस. स्वयंपाकाच्या जागेकडे कॅमेरा क्वचितच वळायचा. चारशे माणसांचा भात शिजवणाऱ्या बायका दिसल्याच तर एखाद्या क्षणापुरत्या, तोंडावर पदर घेऊन हसताना.

नंतर त्या कॅसेटचं मिक्सिंग व्हायचं. म्हणजे स्टुडिओत बसून नावं टाकायची, बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरवायचे आणि वरून सिनेमाची गाणी घालायची. या गाण्यांचा मला मनापासून राग आहे. त्यांच्याखाली खरे आवाज बुजले. मामा मोठ्याने ओरडतोय, वाजंत्री वाजतेय, आत्या जात्यावरची ओवी म्हणतेय, तिचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू मात्र येतं हिंदी सिनेमातलं गाणं. सुदैवाने सगळीकडे असं झालं नाही. मंगलाष्टका आणि नाव घेण्याचा कार्यक्रम बहुतेकांनी मूळ आवाजात ठेवला. म्हणून आपल्या आजीचा आवाज कुठे उरला असेल, तर तो उखाण्यात उरला आहे.

यात एवढं महत्त्वाचं काय, असं घरातले पुरुष विचारतात. त्यांना सांगा, आपल्या आधीच्या पिढीतल्या किती बायकांचे फोटो आहेत ते मोजून बघा. एक लग्नातला, एक रेशनकार्डासाठी काढलेला, एक मतदार ओळखपत्रावरचा, ज्यात बाई ओळखूच येत नाही. त्या कशा चालायच्या, कसा पदर सावरायच्या, कुणाशी कशा बोलायच्या, हे कागदी फोटोत येत नाही. पाहुणी म्हणून एखाद्या मांडवात पंधरा सेकंद दिसलेली आई हेच अनेकींकडे आईचं एकमेव चालतंबोलतं चित्र आहे. आणि ते आपल्या घरच्या कॅसेटीत नसून चुलत नणंदेच्या लग्नाच्या कॅसेटीत असतं. आमच्या गटातल्या एकीला तिची आई अशीच सापडली. वाढप करताना आई कॅमेऱ्याकडे बघून "बाई, माझं काय काढताय" एवढंच म्हणते. ती चार शब्द ऐकायला तिची तिन्ही भावंडं दोन जिल्ह्यांतून आली.

दुसरं, या कॅसेटींत गाव आहे. मागे दिसणारी धाब्याची घरं, अंगणातलं तुळशीवृंदावन, बैलगाडीतून उतरणारं वऱ्हाड, पाण्याच्या कळशा, बायकांची नऊवारी, पुरुषांचे फेटे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, आणि जाड दगडामातीच्या भिंतींची कितीतरी गावं मूळ जागेवरून उठून दुसरीकडे वसवावी लागली. त्या भागात कुणाच्या लेकीचं लग्न त्याआधी झालं असेल आणि तिने सासरी नेलेली कॅसेट वाचली असेल, तर तिच्यात जुनं गाव चालतंबोलतं असणार. इतिहास लिहिणाऱ्यांना सरकारी कागदात ते मिळायचं नाही.

पण ही नोंद करणारे हात मात्र पुरुषांचे होते. तसं पाहिलं तर सिनेमाच्या यंत्राला बाईचा हात आपल्याकडे पहिल्यापासून लागलेला आहे. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र १९१३ साली लागला. त्याची फीत धुणं, तिला कडेची भोकं पाडणं, या कामांत सरस्वतीबाई फाळके होत्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. पुढे १९८४ साली अहमदाबादमध्ये सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेने व्हिडिओ सेवा सुरू केली. न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांनी शिबिर घेतलं आणि भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायका कॅमेरा शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं. बटणावरच्या खुणा ओळखून त्या शूटिंग करायच्या आणि आपली गाऱ्हाणी अधिकाऱ्यांना दाखवायच्या. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात बचत गटांचे मेळावे, दारूबंदीच्या सभा, प्रशिक्षणं कुणी ना कुणी व्हिडिओवर टिपली. त्या कॅसेटी संस्थांच्या कपाटात आहेत. घरच्या कॅसेटींइतकीच त्यांचीही चौकशी करा.

जपलं नाही की काय होतं, हेही सांगते. तो राजा हरिश्चंद्र आज पूर्ण मिळत नाही, त्याचे तुकडेच उरलेत. जुने चित्रपट सांभाळण्यासाठी पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, तोवर कितीतरी मूकपट नाहीसे झाले होते. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि सांभाळलेल्यांपैकीही पुष्कळ रिळं जळाली. जुनी नायट्रेटची फीत पेट घेते तशी आपली कॅसेट घेत नाही. ती गुपचूप जाते.

आणि जपलं की काय होतं? हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ध्वनिफितींवर मुद्रित केल्या. त्या फितींची पुढे संगणकावरची फाईल झाली, आणि २०१७ पासून पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहात, म्हणजे पारीवर, त्या मोबाईलवरसुद्धा ऐकता येतात. म्हणणाऱ्यांपैकी काही बाया आज नाहीत. गाणं कुणी म्हटलं, कुठल्या गावात, हे तिथे नावानिशी लिहिलेलं आहे. आपल्या ट्रंकेतल्या कॅसेटचंही हेच करायचं आहे, फक्त छोट्या प्रमाणावर.

आता सीडीबद्दल. १९९३ साली व्हिडिओ सीडी निघाली, १९९६ च्या अखेरीस जपानात डीव्हीडी विक्रीला आली, आणि २००० नंतर आपल्याकडचे शूटिंगवाले कॅसेटऐवजी चकती देऊ लागले. लोकांना वाटलं, आता काही खराब व्हायचं नाही. तसं नाही. दुकानात विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या सीडीत माहिती दाबून उमटवलेली असते. स्टुडिओत भरून दिलेल्या सीडीत ती एका रंगाच्या थरावर प्रकाशाने भाजलेली असते. तो रंग ऊन आणि उष्णतेने उडतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सीडीचा चकचकीत भाग आपण जपतो, पण माहितीचा थर असतो वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, अगदी पातळ लेपाखाली. त्या बाजूने टोकदार पेनाने लिहिलं किंवा ओरखडा गेला, तर तेवढं लग्न गेलंच म्हणा.

यंत्रांचा काळ तर संपलाच. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि व्हीएचएसचं यंत्र बनवणारी ती शेवटची कंपनी होती. २०१९ साली युनेस्कोने जगभरच्या संग्रहांना सावध केलं की २०२५ च्या सुमाराला चुंबकी फिती लावायची यंत्रं आणि सुटे भाग मिळणं अवघड होईल. ते साल आलं. म्हणजे या कामाला आता थांबायला वेळ नाही.

तर करायचं कसं? पहिल्यांदा कॅसेट बाहेर काढा आणि तिच्या खिडकीतून फितीकडे बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटाखाली, ती हमखास धरते. अशी कॅसेट कुठल्याही यंत्रात घालायची नाही. हेडला बुरशी लागते, फीत अडकून तुटते, आणि पुढच्या बाईच्या कॅसेटलाही ती लागते. साफ करून देणारे जाणकार मोठ्या शहरांत आहेत, त्यांच्याकडेच द्या. उन्हात वाळत घालू नका, पापड नाहीत ते. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे घरंच्या घरं बुडाली, तशा पाण्यात कॅसेट भिजली तर गाळ स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवायची आणि जाणकाराला दाखवायची. लावून बघायची नाही.

कॅसेट कोरडी, स्वच्छ असेल तर तिच्या पाठीकडची एक छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाका. ती मोडली की त्यावर दुसरं काही टिपता येत नाही. व्हीसीआरचं चुकीचं बटण दाबलं गेलं आणि लग्नावर क्रिकेटचा सामना चढला, असं घडलेलं आहे. व्हीसीपीत हा धोका नसतो, म्हणून मघाशी तो फरक सांगितला.

मग यंत्राची पिवळी, लाल, पांढरी वायर एका छोट्या जोडणीतून संगणकाला लावतात. कॅसेट चालू करायची आणि संगणकाने ती टिपून घ्यायची. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, यात घाई नाही. दहा मिनिटांत करून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराकडे जाऊ नका. एका तासाची फाईल साधारण दोन जीबीपर्यंत जाते. ती एमपी-फोर प्रकारची मागा, म्हणजे मोबाईलवरही लागेल. चित्र मात्र आजच्या मोबाईलसारखं लख्ख व्हायचं नाही. मुळात जेवढं टिपलंय तेवढंच येणार. कुणी जास्त पैसे घेऊन एकदम स्पष्ट करून देतो म्हणाला, तर आधी पाच मिनिटांचा नमुना मागा.

चित्र फारच खराब असेल तर दुसरी प्रत शोधा. अनेकदा मूळ कॅसेट स्टुडिओवाल्याकडे असायची आणि तिच्यावरून एक प्रत सासरी, एक माहेरी जायची. कॅसेटची प्रत करताना दर वेळी चित्र थोडं विटतं. म्हणून मूळाच्या जितकं जवळ जाल तितकं चांगलं. आपली विटली असेल तर भावजयीला फोन करून माहेरच्या माळ्यावर बघायला सांगा.

सीडी असेल तर काम सोपं आहे आणि घरीही होतं. सीडी चालणारा संगणक शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा गावातल्या पोराकडे मिळेल. व्हिडिओ सीडी उघडली की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट नावाने संपणारी मोठी फाईल असते, ती उतरवून घ्यायची. डीव्हीडीत व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर असतो, तो अख्खा घ्यायचा. व्हीएलसी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही लागतात. सीडी अडकत असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. आणि दुसऱ्या संगणकात घालून बघा. एकाला जी वाचता येत नाही ती दुसऱ्याला कधी कधी येते.

फाईल झाली की काम संपलं असं समजू नका. पेनड्राइव्ह हरवतो, मोबाईल पाण्यात पडतो. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक दुसऱ्या गावात, लेकीकडे किंवा बहिणीकडे. व्हॉट्सॅपवर पाठवलेली प्रत ठेवायची म्हणून धरू नका, ते चित्र आक्रसून पाठवतं. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या आवराआवरीत, प्रत्येक प्रत उघडून लागते का बघा. मूळ कॅसेट फेकू नका. पूर्ण मागे गुंडाळून, उभी, ओल नसलेल्या कपाटात ठेवा.

एक गोष्ट बजावून सांगते. दुकानात कॅसेट टाकून निघून येऊ नका. गटातल्या दोघी-तिघींच्या कॅसेटी एकत्र करून एक दिवस ठरवा आणि आळीपाळीने तिथे बसा. त्या कॅसेटींत आपल्या लेकीसुना आहेत, हळदीला ओल्या साडीत असलेल्या बायका आहेत. दुकानदाराने त्याच्या संगणकावरची फाईल आपल्यासमोर पुसली पाहिजे. आणि आपल्याही पोरांना सांगा, यूट्यूबवर टाकायचं तर त्यातल्या माणसांना विचारून. नवरा सोडून गेलेली, दुसरं लग्न झालेली, अशा कितीतरीजणी त्या मांडवात उभ्या असतात.

शेवटचं काम मात्र कुठल्याच दुकानात होत नाही. मोठ्या टीव्हीवर ती फाईल लावा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि एक वही घ्या. कितव्या मिनिटाला कोण दिसतंय, तिचं माहेर कुठलं, कुणाची कोण, हे ती सांगेल तसं लिहा. मधेमधे थांबवा, पुन्हा मागे घ्या, आजीला घाई करू नका. ती रडली तर चहा करा आणि नंतर पुढे चला. एका बसण्यात होणार नाही, तीन-चार दुपारी लागतील. वहीचे फोटो काढून त्याच पेनड्राइव्हमध्ये ठेवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्या कॅसेटी आणतील, त्यांनी त्यावर आपलं नाव आणि गाव चिकटवून आणावं, कारण काळे डबे सगळे सारखेच दिसतात. आज इथंच थांबते. नमस्कार.